पोस्टग्रेसच्या तात्पुरत्या फाइली: डिस्क का भरते, क्वेरी का रेंगाळते आणि काय करायचं

महिनाअखेरचा रिपोर्ट चालू असताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ अशी एरर येते. सर्व्हरवर जाऊन बघावं तर डिस्कवर चाळीस टक्के जागा मोकळी. कुणी काही पुसलेलं नाही, बॅकअपही चालू नव्हता. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये असं दिसलं की पहिला संशय तात्पुरत्या फाइलींवर घ्यायचा. सॉर्ट (ओळी क्रमाने लावणं) किंवा हॅश (जुळणाऱ्या ओळी शोधण्यासाठी केलेला तक्ता) यांसाठी ठरवून दिलेली मेमरी पुरली नाही की पोस्टग्रेस उरलेला डेटा डिस्कवर फाइली करून ठेवतं. क्वेरी संपली, रद्द झाली किंवा एरर येऊन पडली की त्याच क्षणी त्या फाइली पुसतं. डिस्क ज्यांनी भरली त्या फाइली तुम्ही पोहोचण्याआधीच गेलेल्या असतात.

डिस्क पूर्ण भरणं तसं क्वचितच होतं. रोजचा त्रास असतो तो वेगाचा. अ‍ॅमेझॉनच्या जीपी३ डिस्कला जादा पैसे न भरता सेकंदाला १२५ एमबी वेग मिळतो. एका क्वेरीने १० जीबी तात्पुरता डेटा लिहिला तर नुसत्या लिहिण्यात ऐंशीएक सेकंद जातात आणि तोच परत वाचण्यात तेवढेच. त्या पावणेतीन मिनिटांत बाकीच्यांचे इन्सर्ट, कमिट, चेकपॉइंट सगळे त्याच १२५ एमबीत वाटा मागत असतात. म्हणून रिपोर्ट एकाचा असतो आणि ‘सिस्टिम स्लो आहे’ ही तक्रार सगळ्यांची येते.

(सेटिंग्जची नावं खाली देवनागरीत अंडरस्कोरसह दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता लिहायची.)

फाइली कुठे आणि कशामुळे

वेगळं काही ठरवलं नसेल तर या फाइली डेटा डिरेक्टरीतल्या ‘बेस’ फोल्डरखाली ‘पीजीएसक्यूएल_टीएमपी’ नावाच्या फोल्डरात बनतात. फाइलीच्या नावातच ती बनवणाऱ्या प्रोसेसचा नंबर असतो. ‘पीजीएसक्यूएल_टीएमपी२४८१७.३’ म्हणजे प्रोसेस २४८१७ ची फाइल. हा नंबर पुढे फार कामाला येतो. एक फाइल जास्तीत जास्त १ जीबीची होते, त्यापुढे दुसरी सुरू होते.

कुठल्या टप्प्यावर डिस्कवर उतरायचं ते वर्क_मेम हे सेटिंग ठरवतं. त्याची मूळ किंमत आहे ४ एमबी, म्हणजे आजच्या मानाने चिमूटभर. ऑर्डर बायचा सॉर्ट, हॅश जॉइन, ग्रुप बाय, डिस्टिंक्ट, विंडो फंक्शन, रिकर्सिव्ह सीटीई (विथने लिहिलेली, स्वतःलाच पुन्हा वापरणारी पोटक्वेरी) हे सगळे याच मापात बसवले जातात. हॅशवाल्या कामांना हॅश_मेम_मल्टिप्लायर इतक्या पट मेमरी मिळते. हा गुणक आवृत्ती १३ मध्ये आला तेव्हा १ होता, १५ पासून तो २ आहे. आवृत्ती १३ च्या आधी हॅश वापरून केलेला ग्रुप बाय डिस्कवर उतरतच नसे, अंदाज चुकला तर बिनधास्त मेमरी खात राही. जुन्या सर्व्हरवरून १३ किंवा पुढच्या आवृत्तीवर आल्यावर ‘तात्पुरत्या फाइली अचानक वाढल्या’ असं वाटलं, तर बऱ्याचदा कारण हेच असतं. बिघाड झालेला नसतो, आधी रॅममध्ये चाललेला उधळा खर्च आता डिस्कवर दिसू लागलेला असतो.

एक घोळ इथेच मिटवू. क्रिएट टेम्प टेबलने बनवलेली टेबलं ही वेगळी गोष्ट आहे. त्यांच्यासाठी टेम्प_बफर्स (मूळ किंमत ८ एमबी) असतं, त्यांच्या फाइली वेगळ्या जागी असतात आणि पुढे सांगितलेल्या आकड्यांत त्या मोजल्या जात नाहीत. सॉर्ट डिस्कवर उतरतोय म्हणून टेम्प_बफर्स वाढवण्यात काहीच हशील नाही.

आधी मोजमाप

सुरुवात लॉग_टेम्प_फाइल्सपासून. मूळ किंमत उणे १, म्हणजे बंद. ० दिलं तर प्रत्येक फाइल लॉगमध्ये येते, आणि गर्दीच्या सर्व्हरवर तो लॉगच डोकेदुखी होतो. १० एमबीपासून सुरुवात करा. ऑल्टर सिस्टिमने किंमत बदलायची आणि पीजी_रीलोड_कॉन्फ फंक्शन चालवायचं, रीस्टार्ट लागत नाही. यानंतर लॉगमध्ये फाइलीचा पत्ता, बाइटमध्ये आकार आणि खाली ती क्वेरी अशा ओळी येऊ लागतात. लॉग_लाइन_प्रीफिक्समध्ये प्रोसेस नंबर, युजर, डेटाबेस आणि अ‍ॅप्लिकेशनचं नाव नसेल तर तेही आत्ताच घाला. नाहीतर क्वेरी सापडते, पण ती पाठवतो कोण हे कळत नाही.

या ओळी वाचताना दोन गोष्टी लक्षात असू द्या. ओळ फाइल पुसताना पडते, बनताना नाही. म्हणून दोन तास चाललेल्या क्वेरीची नोंद दोन तासांनी दिसते. कर्सर (निकाल थोडा थोडा करून वाचायची सोय) वापरत असाल तर ओळीखाली मूळ सिलेक्टऐवजी कर्सर बंद करणारी ओळ दिसू शकते. दुसरं म्हणजे १०७३७४१८२४ हा आकडा वारंवार दिसला तर ती १ जीबीची मर्यादा आहे. त्याच प्रोसेसच्या लागोपाठच्या सगळ्या ओळींची बेरीज केल्याशिवाय खरा आकार कळत नाही.

लॉग एकेक घटना सांगतो, बेरजेसाठी दोन व्ह्यू आहेत. पीजी_स्टॅट_डेटाबेसमध्ये टेम्प_फाइल्स आणि टेम्प_बाइट्स हे प्रत्येक डेटाबेसचे चढते आकडे असतात. स्टॅट्स_रीसेटची तारीख न बघता ‘आपल्याकडे ४ टीबी तात्पुरत्या फाइली झाल्या’ म्हणून घाबरू नका, तो तीन वर्षांचा आकडा असू शकतो. दर तासाला नोंद घेऊन फरक काढा. तासागणिक आलेखात एकच उंच खांब दिसला तर ते एखादं ठरावीक जॉब आहे. दिवसभर सपाट पण उंच रेघ दिसली तर अ‍ॅप्लिकेशनची रोजची एखादी छोटी क्वेरी हजारो वेळा सांडतेय, म्हणजे मेमरीत न मावता डिस्कवर उतरतेय.

नेमकी क्वेरी पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्समधून मिळते. त्यासाठी ते एक्स्टेन्शन शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीजमध्ये हवं, आणि ते घालायला मात्र एकदा रीस्टार्ट लागतो. टेम्प_ब्लक्स_रिटन या कॉलमवर उतरत्या क्रमाने लावा आणि पहिल्या दहा ओळी बघा. आकडा ब्लॉकमध्ये असतो, एक ब्लॉक ८ केबीचा. १३,१०,७२० ब्लॉक म्हणजे बरोबर १० जीबी. त्याला कॉल्सने भागलं की एका खेपेचा खर्च निघतो. आवृत्ती १५ पासून तात्पुरते ब्लॉक वाचण्या-लिहिण्यात गेलेला वेळही तिथेच मिळतो, पण ट्रॅक_आयओ_टायमिंग चालू असेल तरच.

रिपोर्ट रेप्लिकावर (मुख्य सर्व्हरच्या चालत्या प्रतीवर) चालत असतील तर ही सगळी तपासणी रेप्लिकावर करायची. तात्पुरत्या फाइली तिथल्याच डिस्कवर बनतात, मुख्य सर्व्हरचे आकडे स्वच्छ दिसत राहतात.

प्लॅनमध्ये काय शोधायचं

पहिल्या दहांतली एक क्वेरी घ्या आणि एक्स्प्लेन, अ‍ॅनालाइझ आणि बफर्ससह चालवा. पोस्टग्रेसने ती क्वेरी कुठल्या पायऱ्यांनी चालवली तो प्लॅन दिसतो. अ‍ॅनालाइझ घातल्यावर क्वेरी खरोखर चालते, त्यामुळे अपडेट किंवा डिलीट असेल तर बिगिन आणि रोलबॅकच्या मध्येच चालवा.

सॉर्टच्या खाली ‘एक्स्टर्नल मर्ज, डिस्क: २१८४९६ केबी’ अशी ओळ दिसली तर तो सॉर्ट डिस्कवर गेला. मेमरीत बसलेल्या सॉर्टला ‘क्विकसॉर्ट, मेमरी’ असं लिहिलेलं असतं. आता हे २१३ एमबी बघून वर्क_मेम २२० एमबी करावंसं वाटतं, आणि बहुतेक जण इथेच फसतात. डिस्कवर तोच डेटा आटोपशीर लिहिला जातो. मेमरीत प्रत्येक ओळीमागे जादा जागा लागते, ओळी छोट्या असतील तर दुप्पट-तिप्पटसुद्धा. ५१२ एमबी देऊन बघा, क्विकसॉर्ट झाला की त्याच ओळीत मेमरीचा खरा आकडा मिळतो. तो घेऊन वर थोडी जागा ठेवा.

हॅश जॉइनमध्ये ‘बॅचेस’ बघायचे. १ असेल तर सगळं मेमरीत बसलं. ‘बॅचेस: ३२ (ओरिजिनली १)’ ही ओळ सगळ्यात बोलकी. प्लॅनरला (प्लॅन ठरवणाऱ्या भागाला) वाटलं होतं सगळं एका खेपेत मावेल, प्रत्यक्षात बत्तीस तुकडे करावे लागले. म्हणजे इथे ओळींचा अंदाज चुकला आहे. आधी त्या टेबलावर अ‍ॅनालाइझ चालवा. शहर आणि पिनकोडसारखे एकमेकांवर अवलंबून असलेले कॉलम वापरले असतील तर क्रिएट स्टॅटिस्टिक्सने त्यांची जोडआकडेवारी बनवा आणि मग पुन्हा अ‍ॅनालाइझ. अंदाज सुधारला की कित्येकदा प्लॅनर वेगळाच जॉइन निवडतो आणि तात्पुरत्या फाइलींचा प्रश्नच उरत नाही.

हॅश जॉइनचा एक हट्टी प्रकार मेमरी वाढवूनही लवकर सुटत नाही. ज्या कॉलमवर जॉइन आहे त्यात एकच किंमत लाखो ओळींत असेल, उदाहरणार्थ सगळ्या रोख गिऱ्हाइकांसाठी वापरलेला ‘ग्राहक क्रमांक ०’, तर तुकडे कितीही पाडले तरी त्या ओळी एकाच तुकड्यात येतात. अशी किंमत वेगळी काढून दोन क्वेऱ्या युनियन ऑलने जोडणं हाच व्यवहार्य उपाय.

मेमरी वाढवण्याआधी क्वेरी हलकी करा

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती म्हणजे सिलेक्ट स्टार काढणं. सॉर्टमध्ये फक्त ज्यावर क्रम लावायचा तो कॉलम जात नाही, पुढे लागणारी सगळी ओळ जाते. बिलांच्या टेबलात शेरा, पत्ता, जेसन असे लांब कॉलम असतील तर प्रत्येक ओळीसोबत तेही डिस्कवर उतरतात आणि परत वाचले जातात. आधी नुसते आयडी आणि तारीख यांचा सॉर्ट करून हव्या त्या पन्नास ओळी निवडा, मग आयडीवरून बाकीचे कॉलम जोडा. शेकडो एमबीचं काम थोडक्या एमबीत येतं.

ऑर्डर बायच्या क्रमाचा इंडेक्स असेल तर सॉर्टच लागत नाही, विशेषतः लिमिट असेल तेव्हा. ग्राहक आणि तारीख अशा क्रमाने लावायचं आहे आणि इंडेक्स फक्त ग्राहकावर आहे, अशा वेळी आवृत्ती १३ पासूनचा इन्क्रिमेंटल सॉर्ट एकेका ग्राहकाच्या ओळी घेऊन तेवढ्याच लावतो. मेमरी फार लागत नाही.

ऑफसेट ५००००० लिमिट ५० अशी पानं उलटणारी क्वेरी दरवेळी पाच लाख पन्नास ओळींचा हिशेब करते. त्याऐवजी मागच्या पानावरची शेवटची तारीख आणि आयडी देऊन ‘याच्या पुढच्या ५०’ मागा. युनियनच्या जागी युनियन ऑल चालत असेल तर तेच लिहा. जॉइन चुकल्यामुळे आलेल्या डुप्लिकेट ओळी डिस्टिंक्टने झाकलेल्या असतील तर जॉइन दुरुस्त करा. आवृत्ती १२ पासून एकदाच वापरलेली सीटीई मुख्य क्वेरीत मिसळून घेतली जाते. मटेरियलाइझ्ड असं मुद्दाम लिहिलं असेल किंवा ती दोनदा वापरली असेल तर तिचा सगळा निकाल साठवला जातो, तेव्हा गाळणी सीटीईच्या आतच लावा.

‘विथ होल्ड’ कर्सरकडेही एकदा बघून घ्या. कमिटच्या वेळी त्याचा अख्खा निकाल साठवला जातो, आणि कर्सर बंद करेपर्यंत किंवा सेशन संपेपर्यंत तो तसाच राहतो. कनेक्शन पूलमध्ये (तीच उघडी कनेक्शनं सगळ्यांना आळीपाळीने देणाऱ्या साठ्यात) सेशन दिवसेंदिवस संपत नाही, फाइलही तिथेच बसून राहते.

वर्क_मेम: गणित करूनच

वर्क_मेम ही पूर्ण सर्व्हरची मर्यादा नाही, एका कनेक्शनचीही नाही. ती प्लॅनमधल्या प्रत्येक सॉर्टला आणि प्रत्येक हॅशला वेगळी मिळते, आणि पॅरलल क्वेरीत प्रत्येक वर्करला वेगळी. ३२ जीबी रॅमचा सर्व्हर घ्या, शेअर्ड_बफर्स ८ जीबी. वर्क_मेम ६४ एमबी केलं. क्वेरीत एक सॉर्ट आणि दोन हॅश जॉइन आहेत: ६४ अधिक दोनदा १२८ (हॅशला गुणक २), म्हणजे ३२० एमबी. दोन पॅरलल वर्कर आणि एक मुख्य प्रोसेस, म्हणजे तिप्पट, ९६० एमबी. अशा पंचवीस क्वेऱ्या एकदम आल्या आणि सगळ्यांनी पूर्ण हक्क बजावला तर २४,००० एमबी. उरलेली २४ जीबी रॅम जवळपास संपली. मग लिनक्सचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा भाग) एखादी पोस्टग्रेस प्रोसेस मारतो, आणि एक प्रोसेस अशी मेली की पोस्टग्रेस सगळ्यांचीच कनेक्शनं तोडून रिकव्हरीत जातं. त्यापेक्षा क्वेरी डिस्कवर हळू चाललेली बरी.

म्हणून सगळ्यांसाठीची किंमत ८ ते १६ एमबीच्या आसपास ठेवा आणि जादा मेमरी जिथे हवी तिथेच द्या. रिपोर्टसाठी वेगळा डेटाबेस युजर बनवा, ऑल्टर रोलने त्याला वर्क_मेम २५६ एमबी द्या आणि त्याच युजरला कनेक्शन लिमिट ५ लावा. हा दुसरा भाग लोक विसरतात, आणि खरं संरक्षण त्यातच आहे. हा बदल नव्या कनेक्शनलाच लागू होतो, पूलमधली जुनी कनेक्शनं तोडावी लागतात. एखाद्याच क्वेरीला हवं असेल तर ट्रान्झॅक्शनच्या आत सेट लोकल वापरा. पीजीबाउन्सर हा कनेक्शन पूल सांभाळणारा प्रोग्राम ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर नुसता सेट घातक आहे, तुमची २५६ एमबीची किंमत त्याच कनेक्शनवरून पुढच्या भलत्याच विनंतीला मिळते.

किंमत लिहिताना एकक विसरू नका. नुसतं २५६ लिहिलं तर ते २५६ केबी होतं. पोस्टग्रेस ते मुकाट्याने मान्य करतं आणि क्वेरी आधीपेक्षा जास्त सांडायला लागते. एकक अवतरण चिन्हांत आणि मोठ्या अक्षरांत एमबी असंच लिहायचं, लहान अक्षरांतलं चालत नाही.

इंडेक्स बनवताना वर्क_मेम लागूच होत नाही, तिथे मेंटेनन्स_वर्क_मेम (मूळ ६४ एमबी) बघितलं जातं. मोठ्या टेबलावर इंडेक्स बनवण्याआधी त्या सेशनपुरतं १ किंवा २ जीबी करा. इथे पॅरलल वर्कर असले तरी ही मर्यादा अख्ख्या कामाला मिळून असते, त्यामुळे गुणाकाराची भीती नाही. तरीही होणाऱ्या इंडेक्सच्या आकाराएवढी तात्पुरती जागा वेगळी मोकळी आहे ना, ते बघून घ्या.

तात्पुरत्या फाइली शून्यावर आणायचा ध्यास मात्र धरू नका. १०-२० एमबीची फाइल बहुधा लिनक्सच्या कॅशमध्येच जन्मते आणि तिथेच मरते, डिस्कपर्यंत तिची झळ पोहोचत नाही. रात्री तीनला चालणाऱ्या जॉबने ५ जीबी लिहिले आणि सकाळच्या आत काम झालं, तर ते सोडून द्या.

मर्यादा आणि वेगळी डिस्क

टेम्प_फाइल_लिमिट ही एका प्रोसेसला एका वेळी वापरता येणारी तात्पुरती जागा. मूळ किंमत उणे १, म्हणजे अमर्याद. हे असंच ठेवणं म्हणजे एका चुकलेल्या क्रॉस जॉइनच्या हातात अख्खी डिस्क देणं. मोकळ्या जागेच्या दहा-पंधरा टक्क्यांपासून सुरुवात करा, रिपोर्टच्या युजरला वेगळी, मोठी किंमत द्या. पॅरलल वर्कर प्रत्येक वेगळा मोजला जातो हे ध्यानात घेऊन आकडा ठरवा. मर्यादा ओलांडली की तेवढी एक क्वेरी एरर देऊन थांबते, बाकी सर्व्हर चालू राहतो. सामान्य युजरला ही किंमत स्वतः वाढवता येत नाही.

डिस्क भरण्याचा खरा धोका वॉलच्या (डेटातल्या प्रत्येक बदलाची आधी नोंद ठेवणाऱ्या) फाइलींना असतो. तात्पुरत्या फाइली, डेटा आणि वॉल एकाच डिस्कवर असतील आणि वॉल लिहायला जागा उरली नाही, तर पोस्टग्रेस पॅनिक होऊन बंद पडतं. म्हणून तात्पुरत्या फाइलींना वेगळी डिस्क देणं फायद्याचं. माउंट केलेल्या डिस्कच्या मुळाशी नव्हे, तर आत एक फोल्डर बनवा, त्याची मालकी पोस्टग्रेस युजरकडे आणि परवानगी ७०० करा, क्रिएट टेबलस्पेसने तिथे टेबलस्पेस (पोस्टग्रेसने फाइली ठेवायची वेगळी जागा) बनवा, ज्या युजरना वापरायचं त्यांना त्यावर क्रिएटचा अधिकार द्या आणि शेवटी टेम्प_टेबलस्पेसेसमध्ये त्याचं नाव घाला. अधिकार द्यायचा राहिला तर कॉन्फिग फाइलमधलं ते नाव पोस्टग्रेस गुपचूप सोडून देतं आणि फाइली पुन्हा जुन्याच जागी बनतात. बदलानंतर त्याच युजरने एक जड सॉर्ट चालवून लॉगमधला पत्ता तपासा.

रेप्लिका असेल तर हाच पत्ता आधी तिथे तयार ठेवा. टेबलस्पेस बनवण्याची आज्ञा रेप्लिकाकडेही जाते, फोल्डर नसेल तर तिथलं रिप्ले थांबतं. रॅमडिस्कवर किंवा मशिन बंद होताच पुसल्या जाणाऱ्या लोकल डिस्कवर टेबलस्पेस ठेवू नका. टेबलस्पेस हा क्लस्टरचा भाग असतो, तो गायब झाला तर सर्व्हर सुरू होताना अडचण येऊ शकते. तसंही रॅमडिस्कसाठी जी रॅम देणार, ती सरळ वर्क_मेमला दिलेली काय वाईट?

डिस्क आत्ता, या क्षणी भरत असेल तर

फोल्डरातली फाइल हाताने पुसू नका. प्रोसेसने ती उघडी धरलेली असते, त्यामुळे नाव जातं पण जागा सुटत नाही, आणि क्वेरी भलतीच एरर देऊ शकते. फोल्डरात सगळ्यात मोठी फाइल कुठली ते बघा. आवृत्ती १२ पासून पीजी_एलएस_टीएमपीडिर फंक्शन ही यादी देतं, पण पॅरलल हॅश जॉइनच्या फाइली आतल्या उपफोल्डरात असतात आणि त्यात दिसत नाहीत, तेव्हा डीयू कमांडने खात्री करा. फाइलीच्या किंवा उपफोल्डराच्या नावातला प्रोसेस नंबर घेऊन पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीत तीच ओळ शोधा. तिथे वेट इव्हेंट बफफाइलराइट किंवा बफफाइलरीड दिसला तर गुन्हेगार पक्का. त्या नंबरवर आधी पीजी_कॅन्सल_बॅकएंड, काही सेकंदांत दाद दिली नाही तर पीजी_टर्मिनेट_बॅकएंड. शेलमधून किल उणे ९ कधीच नाही. त्याने ओओएमसारखंच सगळ्यांचं कनेक्शन तुटतं, आणि आवृत्ती १३ पर्यंत अशा क्रॅशनंतर तात्पुरत्या फाइली पूर्ण रीस्टार्ट करेपर्यंत तशाच पडून राहतात. आवृत्ती १४ पासून रिमूव्ह_टेम्प_फाइल्स_आफ्टर_क्रॅश मुळातच चालू असल्यामुळे त्या आपोआप साफ होतात. जुन्या आवृत्तीवर असाल आणि फोल्डरात आता अस्तित्वात नसलेल्या प्रोसेसच्या नंबरांच्या फाइली दिसत असतील, तर सोयीची वेळ बघून सर्व्हिस एकदा नीट बंद करून चालू करा. सुरू होताना पोस्टग्रेस त्या स्वतःच काढून टाकतं.